आबांचे महाराज आणि मागून येणारा 'म'

चोपड्याला आमच्या घरी संध्याकाळी आधी कीर्तन, मग कळण्याची भाकरी. आबांना कमी ऐकू येतं म्हणून उशाशी ब्लूटूथ स्पीकर, टीव्ही माझ्या हॉटस्पॉटवर, आणि दीड जीबी रात्रीपर्यंत पुरायला हवा म्हणून व्हिडिओची क्वालिटी सगळ्यात खालची, १४४. महाराज म्हणजे पांढऱ्या फेट्याखाली तपकिरी ठिपका, तोंड कुठे नाक कुठे काही पत्ता नाही. दोन वर्षं सुखात गेली.

मग मला अवदसा आठवली आणि मी वायफाय घेतलं.

चित्र एकदम १०८०, महाराजांच्या मिशीचे केस मोजून घ्या. आबा दहा मिनिटं खूश, मग म्हणाले, "भो, यानं तोंड पहिले हालस, आवाज मांगून येस." म्हटलं भास असेल. पण बघायला बसलो आणि मेलो, एकदा दिसलं की दिसतच राहतं ते. 'राम' म्हणताना ओठ मिटले, उघडले, 'कृष्ण'कडे निघालेसुद्धा, आणि तेव्हा कुठे 'म' आला. प, ब, म ही ओठ मिटणारी अक्षरं लई चुगलखोर.

म्हणजे स्पीकर पहिल्यापासून उशीरच करत होता (असल्यांना दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात), फक्त १४४ मधे ओठच नव्हते तर चोरी पकडणार कशी?

सेटिंगमधे 'ऑडिओ डिले' सापडलं, जोरात वाढवलं, तर आवाज आणखी मागे, कारण ते फक्त मागेच ढकलतं, पुढे ओढत नाही. मग आबांना शास्त्र सांगितलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे उशिराच्या आवाजाची मेंदूला सवय असते, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ च्या शिफारशीत पण आहे की आवाज पुढे असेल तर ४५ मिलिसेकंदातच कळतं, मागे असेल तर साधारण १२५ पर्यंत खपून जातं. आबा शांतपणे म्हणाले, "बांधवर कोनी बाभूय तोडस तं कुऱ्हाड पहिले दिखस, आवाज मांगून येस, माले माहीत शे. पन हाऊ महाराज काय बांधवर उभा शे का?"

यावर काय बोलणार. गुपचूप क्वालिटी परत १४४ केली. फेटा, ठिपका.

"आते कसा बराबर बोलस!" आबा गादीवर रेलले.

आतून आई भाकरी थापता थापता, "मंग ते वायफाय कसाले लेयेल शे?"