तीस रुपयांची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

वय वाढलं की पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी बऱ्याचदा मोठी होऊन लघवीला त्रास देते; तिच्या औषधांच्या खर्चावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. “तीस रुपयांच्या गोळीचा किती बाऊ कराल? एवढे तर लोक चहा-वडापाववर घालवतात. असं लिहून म्हाताऱ्या माणसांना औषध सोडायला लावाल,” असं तुम्ही म्हणता. औषध सुटू नये ही तुमची कळकळ मला पटते. पण माझ्या दुकानात औषध सुटताना दिसतं ते पैसे पुरत नाहीत म्हणून.

लालबागला काउंटरवर उभं राहून मी हे बघतो. महिनाअखेर आली की एखादे आजोबा रिकामी स्ट्रिप पुढे धरून हळूच म्हणतात, “सध्या पाचच कापून दे.” मी कात्री घेतो. त्या पाच गोळ्या दहा दिवस पुरवल्या जातात, हे त्यांच्या पुढच्या फेरीवरून कळतं. मुलाला-सुनेला पत्ता नसतो. लघवीचं दुखणं घरात बोलायलाच संकोच, त्यात पैसे कुठून मागणार?

हिशेब तुमच्याच आकड्याने करू. रोज ३० म्हणजे महिना ९००, वर्षाला १०,९५०, दहा वर्षांत लाखाच्या वर. तेही किंमत वाढली नाही तर. सरकारने भाव न बांधलेल्या औषधांची किंमत कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. तुम्हाला सरकारी पेन्शन आहे, असं तुम्हीच लिहिलंत. खासगी कंपनीत आयुष्य गेलेल्यांसाठी ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४मध्ये ठरली ती महिना १,००० रुपये. त्यातून ९०० गेल्यावर बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या कशातून आणायच्या? मेडिक्लेमही बहुतेक वेळा अ‍ॅडमिट झाल्यावरच कामाला येतो.

आणि दिवसाआड गोळी घेऊन हाती काही लागत नाही. या जोडगोळीत दोन औषधं असतात. टॅमसुलोसिन प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं; काही दिवसांत धार सुधारते, गोळी थांबली की त्रास परत. ड्युटास्टेराइड प्रोस्टेटचा आकारच कमी करतं, पण फरक जाणवायला सहा महिनेही लागतात. तीन महिने घेऊन सोडलं तर सगळे पैसे पाण्यात. मग कधीतरी रात्री लघवी तुंबते आणि नळी टाकायला हॉस्पिटल गाठावं लागतं.

औषधाने ऑपरेशन टळतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मोठ्या प्रोस्टेटच्या रुग्णांवर चार वर्षं झालेल्या कॉम्बॅट अभ्यासात दोन्ही औषधं घेणाऱ्यांमध्ये लघवी तुंबण्याचा किंवा ऑपरेशनचा धोका एकट्या टॅमसुलोसिनपेक्षा सुमारे दोनतृतीयांशाने कमी दिसला. मात्र हे मोठ्या प्रोस्टेटबद्दल. सोनोग्राफीत आकार लहान असेल तर बहुधा एकटं टॅमसुलोसिन पुरतं, आणि ते बरंच स्वस्त पडतं. तरीही जोडगोळी एकदा चिठ्ठीवर आली की वर्षानुवर्षं तशीच चालू राहते. “डॉक्टर, मला दोन्ही लागतात का?” हे वर्षातून एकदा तरी विचारायलाच हवं.

जेनेरिकवर, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने मिळणाऱ्या गोळ्यांवर, तुमचा भरवसा नाही. एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या किमतीत दुपटीचा फरक मी रोज हाताळतो. आत औषध तेच, मात्राही तीच. डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा आपणच लिहून मागावी, म्हणजे जनऔषधी केंद्रात शोधाशोध करावी लागत नाही. माझं गिऱ्हाईक तिकडे गेलं तरी चालेल, त्याची गोळी चुकता कामा नये.

जाता जाता तुमच्यासाठी. मोतीबिंदूची तारीख ठरली आहे म्हणता, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिन चालू असल्याचं आधीच सांगा. त्याने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, बुबुळ सैल पडतं. त्यांना तशी तयारी ठेवावी लागते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.