पंचविसावा आरा

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला आमच्या बिल्डिंगच्या पोर्चमध्ये फुग्यांची कमान होती. वर हिरवे फुगे, मध्ये पांढरे, खाली केशरी. फुगेवाल्यानं आणून टेकवली आणि बांधणाऱ्यानं हातात आली तशी बांधली. मी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘केशरी वर असतो ना?’ त्या प्रश्नचिन्हाची किंमत मी यंदा मोजली.

जुलैच्या शेवटी सेक्रेटरी दारात उभे. “यंदा पोर्चची सजावट तुमच्याकडे. मागच्या वेळी चूक तुम्हीच दाखवलीत. शिवाय तुमचं घर पोर्चला लागूनच आहे.” दुसरं कारण बिनतोड होतं. तळमजल्यावर राहणाऱ्याला पोर्चमधलं सगळं आपलंच मानावं लागतं. लोकांची कुरिअरं, ओल्या छत्र्या, कुणाचीच नसलेली मांजर आणि तिची पिल्लं. त्यात आता स्वातंत्र्यदिनाची भर पडली.

तीन रंग, दोन खांब आणि सुतळीचं एक बंडल. मी हे काम एका संध्याकाळचं धरलं होतं. मुलगी म्हणाली, “बाबा, मी पाचवीत केलेलं चक्र होतं ना मोठं?”

“ते केव्हाच टाकलं असेल.”

“आपल्या घरात कधी काही टाकलं जातं का?” आई आतून म्हणाली. तिच्या या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

दुकानात जाऊन केशरी क्रेप पेपर मागितला. दुकानदारानं विचारलं, “केशरी, नारिंगी की भगवा?” आणि उत्तराची वाट न बघता तीन गुंडाळ्या काउंटरवर उभ्या केल्या. ट्यूबलाइटखाली मला तिन्ही सारख्याच दिसल्या. मी आत्मविश्वासानं मधली उचलली. घरी येऊन खिडकीशी धरली, तर बायको म्हणाली, “ही जिलबी आहे.” खरंच जिलबी होती. पंधरा ऑगस्टला जिलबी लागतेच, पण ती ताटात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दुकानदारानं या वेळी विचारलं नाही, नुसतं बघितलं.

मग आम्ही कामाला लागलो. मैद्याची खळ शिजवली, कागद कापले, आणि तीन पट्ट्या चिकटवून मधोमध पेनानं चक्र काढून, लांबी-रुंदी तीनास दोन राखून, चाळीस छोटे झेंडे तयार केले. ते सुतळीला लावून तोरण होणार होतं. चाळीस चक्रं काढून मुलीचा अंगठा निळा झाला होता. खळ वाळावी म्हणून सगळे झेंडे पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर मांडून ठेवले आणि मी दारात उभा राहून कौतुकानं बघत होतो. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे सर खाली आले.

सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते कुणाला काही बोलत नाहीत, फक्त थांबतात. ते थांबले की माणूस आपोआप आठवू लागतो, आपलं काय चुकलं.

“तोरण करताय?”

“हो सर.”

“झेंड्याचं तोरण करता येत नाही.”

ते वर गेले आणि भारतीय ध्वजसंहितेची छापील प्रत घेऊन आले. ही संहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे, म्हणजे मी वीस वर्षांहून जास्त काळ ती न वाचता देशभक्त होतो. त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केलेली ओळ दाखवली. राष्ट्रध्वजाचा वापर तोरण, पताका, छातीवर लावायचं फूल किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे सजावटीसाठी करायचा नाही. मी चोरून मुलीकडे बघितलं. ती त्याच वेळी छातीवर लावायची फुलं करत होती. तिनं हात पाठीमागे घेतले.

“ध्वजानं सजावट करायची नसते, ध्वजासाठी करायची असते,” सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी शाळेत निदान तीस पंधरा ऑगस्टना वापरलं असणार, कारण ते म्हणताना त्यांची नजर आमच्या डोक्यांवरून मागच्या बाकांपर्यंत गेली.

“मग यांचं काय करू?” मी चाळीस झेंड्यांकडे बोट दाखवलं.

“कागदी झेंडे हातात धरायला हरकत नाही. पण नंतर कुठे पडलेले दिसता कामा नयेत. इकडेतिकडे टाकायचे नाहीत. मान राखून, खासगीत विल्हेवाट लावायची.”

टांगता येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत. बायकोनं निमूटपणे बुटांचा एक रिकामा खोका आणला आणि सगळे झेंडे त्यात रचले. “माळ्यावर ठेवू,” ती म्हणाली. आमच्या घरात मान राखून केलेली विल्हेवाट म्हणजे माळा.

पुढचा बेत साध्या पताकांचा. एक पताका, एक रंग. त्यावर चक्र नाही, काही नाही. सरांनी वाकून तपासलं आणि मान डोलावली. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीपासून फाटकापर्यंत सुतळी ओढली, पताका वाऱ्यावर फडफडल्या आणि सर पुन्हा थांबले. या वेळी ते वर बघत होते. फाटकाजवळ आमचा ध्वजस्तंभ आहे. सुतळी बरोबर त्याच्या टोकावरून गेली होती.

“ध्वजापेक्षा उंच पताका नको. शेजारी, बरोबरीनंही नको.”

सगळं उतरवून पोर्चच्या दोन खांबांमध्येच बांधलं. आता पताका कुणाहीपेक्षा उंच राहिल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचा सहाफुटी मुलगा दोन दिवस केस झटकत ये-जा करत होता.

थर्माकोलचा विचार मनात आला होता, पण महाराष्ट्रात त्याच्यावर २०१८ पासून बंदी आहे. प्लॅस्टिकचं तर सरांसमोर नावही काढायची सोय नव्हती. पॉलिस्टरच्या ध्वजाला २०२१ च्या अखेरीस परवानगी मिळाली, ती गोष्ट त्यांनी अजून मनावर घेतलेली नाही. “नांदेडला खादीचा ध्वज होत असताना पॉलिस्टर कशाला?” असं ते विचारतात, आणि आपण गप्प राहिलो तर आपल्यालाच ते पॉलिस्टरवाले समजतात. फुलांचं मात्र सोपं होतं. झेंडू, पांढरी शेवंती आणि मागच्या गल्लीतल्या अशोकाची पानं. आईनं बसल्या बसल्या माळा केल्या आणि कुणाला काही विचारलं नाही. त्यामुळे तेवढंच काम वेळेवर झालं.

उरलं चक्र. पोर्चच्या मधल्या भिंतीवर एक मोठं निळं अशोकचक्र लावायचं असं मी ठरवलं होतं. निव्वळ चक्राला आडवा येईल असा नियम सरांना संहितेत सापडला नाही. ते पानं उलटत असताना मी श्वास रोखून उभा होतो. “निळा मात्र गडद हवा, आकाशी नको. आणि आरे चोवीस,” एवढं सांगून ते गेले.

चौदा तारखेची संध्याकाळ. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरला, त्यावर कणीक मळायची परात उपडी ठेवली आणि कडेनं पेन्सिल फिरवली. झकास वर्तुळ आलं. परात उचलली आणि लक्षात आलं की परातीला मध्य नसतो. म्हणजे असतो, पण तो ती बरोबर घेऊन जाते.

“वर्तुळाच्या दोन जीवा काढायच्या, त्यांचे लंबदुभाजक काढायचे, ते जिथे छेदतील तो मध्य,” मुलगी म्हणाली. ती आठवीत आहे.

“एवढं कशाला? अंदाजानं कळतंय,” मी म्हणालो आणि अंदाजानं टिंब दिलं.

तीनशे साठ भागिले चोवीस, पंधरा. दर पंधरा अंशांवर एक आरा, यात न जमण्यासारखं काही नाही. कंपासपेटीतला कोनमापक टिंबावर ठेवायचा, खूण करायची, रेघ ओढायची, कोनमापक त्या रेघेवर सरकवायचा, पुन्हा पंधरा. मी चष्मा कपाळावर नेऊन, जमिनीवर जवळजवळ आडवा होऊन, एकेक रेघ ओढत होतो. दर वेळी कोनमापक केसभर हलायचा. केसभर म्हणजे अर्धा अंश. चोवीस वेळा अर्धा अंश खाल्ला की किती होतो, हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही. चोविसावी रेघ ओढली आणि पाहिलं, तर ती आणि पहिली रेघ यांच्यामध्ये भलीमोठी फट. आणखी एक आरा अगदी आरामात बसेल एवढी. मोजणीत कुठेतरी एक राहिला असणार असं म्हणून मी तो बसवला. जागा भरली, चक्र गोल दिसू लागलं. गडद निळा पोस्टर कलर काढून सगळं रंगवून झालं, तेव्हा बायको आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बोटानं हवेत मोजू लागली.

“पंचवीस.”

“पुन्हा मोज.”

तिनं मोजले, मी मोजले, मुलीनं उलट्या दिशेनं मोजले. दोन्ही दिशांनी पंचवीस.

आईनं टीव्ही बंद केला. वर्तमानपत्राचं मोठं पान मागितलं, त्यावर तीच परात ठेवून गोल कापला. अर्ध्यात घडी घातली. त्या अर्धुकाची तीन पदरी घडी केली, आम्ही निऱ्यांना करतो तशी, असं म्हणाली. मग परत अर्धी, आणि आणखी एकदा अर्धी. नखानं सगळ्या घड्या दाबल्या आणि कागद उलगडला. मध्यातून निघालेल्या चोवीस सरळ रेघा. मध्यही आपोआप सापडला होता.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू तो कोनमापक घेऊन बसला होतास ना. म्हटलं, शिकलेला माणूस आहे.”

रात्री अकराला दुसरं चक्र तयार झालं. चोवीस आरे, सगळे सारख्या अंतरावर. भिंतीवर लावलं, लांबून बघितलं, दोन फोटो काढले. श्रावणातला पाऊस नेहमी सरळ पडतो, पोर्चमध्ये येत नाही, असा माझा अनुभव होता. त्या रात्री तो आडवा आला.

सकाळी सहाला दार उघडलं. पुठ्ठा भिंतीवरून मान टाकून लोंबत होता आणि सगळे आरे एकमेकांत मिसळून खाली शेवंतीच्या माळेवर ओघळले होते. साडेसातला ध्वजारोहण. घरात कोरडं असं एकच चक्र होतं. मी ते आणलं, लावलं आणि बायकोकडे बघायचं टाळलं.

सगळे जमले, ध्वज वर गेला, आतल्या पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. सर माझ्यासमोर सावधान उभे होते. मान ताठ, हात शिवणीला, अंगाची अजिबात हालचाल नाही. फक्त डोळे माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे गेले आणि घड्याळाच्या काट्यासारखे हळूहळू फिरू लागले. ५२ सेकंदांत पंचवीस आरे शांतपणे मोजून होतात, वर एक तपासणीची फेरीही मारता येते. मला हलता येत नव्हतं.

जयघोष संपला. सर जवळ आले, थांबले.

“पंच...”

“सर, जिलबी घ्या,” मी म्हणालो आणि ताट पुढे केलं.

त्यांनी जिलबी घेतली, पण चक्रावरची नजर काढली नाही.

संध्याकाळी सगळं उतरवलं. बुटांचा खोका माळ्यावर ठेवायला शिडी लावली. वर अशाच खोक्यांची एक रांग होती. मुलगी बालवाडीत असल्यापासूनचे कागदी झेंडे, दरवर्षीचे, कुणी टाकायची हिंमत न केलेले. त्यांच्यामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी गोल. चादर सोडली. गडद निळं, चांगलं दोन फूट रुंद. वर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद लावलेला, म्हणजे पावसाचीही काळजी नको. मागे मुलीच्या अक्षरात ‘इयत्ता ५ वी’. मी शिडीवर उभ्या उभ्या, हळू आवाजात, मोजले. चोवीस.

“काय आहे रे वर?” खालून बायकोनं विचारलं.

मी चादर पुन्हा गुंडाळली.

“काही नाही. जुने झेंडे आहेत.”