सेलिगमन गाव हायवेने वसवलं नाही

'अमेरिकेतल्या ॲरिझोनात ओसाड माळावर रूट ६६ या हायवेने सेलिगमन गाव वसवलं, १९७८ला बायपास झाला त्या दिवशी ते मेलं आणि कार्स या सिनेमाने त्याला जिवंत केलं.' ही पोस्ट मला आठवडाभरात तिघांनी पाठवली. गोष्ट गोड आहे, पण खरं त्यात थोडंच आहे.

रूट ६६ आला १९२६मध्ये. सेलिगमन त्याच्या चाळीस वर्षं आधीचं. १८८६मध्ये प्रेस्कॉटकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथून निघाला, म्हणून आधीचं नाव प्रेस्कॉट जंक्शन. मग रेल्वेत पैसा घातलेल्या न्यूयॉर्कच्या सेलिगमन बंधूंचं नाव गावाला लागलं. आसपासच्या रँचमधली गुरं हाकत आणायची आणि मालगाडीत चढवायची, हा इथला धंदा. हायवे आला तोच मुळी वसलेल्या गावातून.

ओसाड माळ? हा टापू हुआलापाय या मूळनिवासी जमातीचा. १८८३मध्ये त्यांना राखीव क्षेत्र मिळालं, तर त्यातल्या जमिनीवरही रेल्वेने हक्क सांगितला. सरकारने रेल्वेला जमीन दिली एवढ्याने जमातीची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९४१मध्ये! पोस्टवाल्यांना हे लोक दिसलेच नाहीत.

आता 'मेलं' याबद्दल. २२ सप्टेंबर १९७८ला गावाला वळसा घालणारा नवा हायवे सुरू झाला आणि गावातली वर्दळ एका दिवसात आटली, हे खरंच. पण दुसरा घाव १९८५चा: रेल्वेगाड्यांचे कर्मचारी इथे बदलायचे, ते रेल्वेने थांबवलं. हा घाव कुणाच्या रीलमध्ये नसतो. गुरांचा धंदा मात्र चालूच होता. जवळची बिग बोकियास ही सुमारे पाच लाख एकरांची रँच नवाहो नेशनने, म्हणजे नवाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वशासनाने, १९८७मध्ये ३ कोटी ३४ लाख डॉलरला घेतली.

राहिला सिनेमा. तो २००६चा. गावचे न्हावी एंजल डेल्गाडिओ यांनी आजूबाजूच्यांना जमवून रूट ६६ची संघटना काढली १९८७मध्ये, आणि त्याच वर्षी राज्याकडून सेलिगमन ते किंगमन हा तुकडा ऐतिहासिक रस्ता म्हणून जाहीर करून घेतला. सिनेमावाले पुढे डेल्गाडिओंच्याच आठवणी ऐकायला त्यांच्याकडे गेले होते.