सर, फोटोखालची ओळ बदलली आहे

सर, नमस्कार.

ओरांगउटान, म्हणजे बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातला तो मोठा तांबूस केसांचा कपी, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या तक्रारी तीन. फोटोतली आई पिल्लाचा मुका घेत नाही, पिल्लू तिच्या तोंडातला घास काढून घेतंय. चुंबन ही माणसाची गोष्ट, ती जनावरांवर लादून मी पोरांना चुकीचं शिकवते. आणि चंदगड-आजऱ्यात हत्ती उसात उतरत असताना कोल्हापूरच्या बाईने बोर्निओसाठी गळा काढायचा, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

पहिली तक्रार पूर्ण मान्य. तुम्ही इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंत, तुमची नजर बरोबर पडली. ओरांगउटानचं पिल्लू आईच्या तोंडाशी तोंड नेऊन तासन्‌तास बघत बसतं. ती काय खाते, साल कशी सोलते, ते असंच शिकतं, आणि मध्येच तिच्या ओठांतला तुकडा ओढतं. ऑक्सफर्डच्या माटिल्डा ब्रिंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 साली प्राण्यांमधल्या चुंबनावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची व्याख्याच अशी आहे की तोंडाला तोंड लागलं पाहिजे, त्यात भांडण नको आणि घासाची देवाणघेवाणही नको. या कसोटीवर माझा फोटो नापास.

दुसरी तक्रार मात्र मला मान्य नाही. त्याच अभ्यासात ओरांगउटान, चिंपांझी, बोनोबो यांच्या नोंदींवरून मागे जात हिशेब मांडला आहे, आणि महाकपींच्या, म्हणजे शेपूट नसलेल्या या मोठ्या कपींच्या, पूर्वजांत ही सवय साधारण 2 कोटी 15 लाख ते 1 कोटी 69 लाख वर्षांपूर्वी आली असावी असा निष्कर्ष काढला आहे. त्याआधी 1979 साली प्राणिवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींबद्दल लिहिलं होतं. भांडण झाल्यावर तेच दोघे परत जवळ येतात आणि तोंडाला तोंड लावून समेट करतात. हे कुणी लादलेलं नाही, बघून लिहिलेलं आहे.

उलट माणसांतच ते सगळीकडे नाही. 2015 साली 168 संस्कृतींची पाहणी झाली, त्यात ओठांचं प्रणयचुंबन निम्म्याहून कमी, 46 टक्के ठिकाणी सापडलं. माझ्या आजीने आम्हा नातवंडांचा मुका कधी घेतला नाही. ती हनुवटीला हात लावायची आणि तीच बोटं स्वतःच्या ओठांशी न्यायची. माया तीच. आणि मुका, पापा, चुंबन असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत, तेव्हा घरातली मुलं हा विषय वाचतील याची मला काळजी वाटत नाही. ओरांगउटानचे अभ्यासक एड्रियानो लामेइरा यांनी 2024 मध्ये एक तर्क मांडला, की अंगावरचे केस विंचरून झाल्यावर शेवटची ऊ ओठांनी ओढून काढायची, त्यातून चुंबन आलं असावं. तर्कच आहे, पण उन्हात पायरीवर बसून नातीच्या डोक्यातल्या उवा काढणारी आजी ज्याने पाहिली, त्याला तो अगदीच परका वाटणार नाही.

लेखात लिहायची राहिलेली एक गोष्ट इथे सांगते, कारण ती तुमच्या बाजूची आहे. ओरांगउटानचा खरा 'मुक्याचा आवाज' रागाचा किंवा भीतीचा असतो. धोका दिसला की ओठ आवळून हवा आत ओढायची आणि मोठ्याने चुटकन आवाज काढायचा. बोर्निओतले काही ओरांगउटान तोंडाशी पानं धरतात. त्याने आवाज जाडा होतो आणि आपण आहोत त्याहून मोठे आहोत असं भासवता येतं. सुमात्राच्या केतांबे जंगलात संशोधकांनी वाघाच्या पट्ट्यांची चादर पांघरून, चार पायांवर रांगत, पिल्लं असलेल्या माद्यांच्या झाडाखालून फेरी मारली. माद्या गप्प. चादर दिसेनाशी झाल्यावर त्यांतल्या काहींनी हा आवाज दिला, एकीने तर 20 मिनिटांनी. पिल्लू जितकं लहान तितकी आई जास्त वेळ गप्प राहिली. 2018 मध्ये हे छापून आलं तेव्हा लामेइरा आणि त्यांचे सहलेखक जोसेप कॉल यांनी त्याचा अर्थ असा लावला, की आई घडून गेलेल्या गोष्टीबद्दल पिल्लाला सांगत होती. माझ्या भोळ्या फोटोओळीपेक्षा हे कितीतरी मोठं आहे.

अशा आईला मारून पिल्लू पळवतात. बँकॉकच्या सहलीला गेलेली आपल्याकडची मंडळी तिथून, कपडे घातलेलं पिल्लू त्यांच्या गालाचा मुका घेतंय असा फोटो आणतात. मला तो फोटो बघवत नाही. मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते, पिल्लू आठ वर्षांपर्यंत दूध पिऊ शकतं. वर्षाला थोड्याच माद्या मेल्या तरी तूट भरून निघत नाही. 1999 ते 2015 या काळात बोर्निओत एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले. त्यातले बरेच जिथे जंगल उभं होतं तिथेच गेले, म्हणजे कुऱ्हाडीइतकाच दोष बंदुकीचा. 2017 साली वेगळी जात म्हणून ओळखले गेलेले तापानुली ओरांगउटान तर 800 हून कमी उरले आहेत.

आता तिसरी तक्रार, बोर्निओशी 'आपला काय संबंध'. 2022 च्या दिवाळीत रेशनवर 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल मिळालं, आठवतं ना? आमच्या घरीही त्यातच चकल्या तळल्या. माझ्या मामांची फरसाणाची भट्टी आहे, तिथे पामतेलाचेच डबे येतात, कारण स्वस्त पडतं आणि तळण टिकतं. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, म्हणजे ओरांगउटानच्याच देशांतून येतं. पामतेल सोडा असं मी म्हणत नाही. एकरी इतकं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही, सोयाबीनवर गेलो तर आणखी जमीन लागेल. मला एवढंच हवंय की हे तेल जंगल तोडून लावलेल्या मळ्यातलं आहे का, हे डब्यावर कळावं. मामांनाही हे पटतं, पण त्यांना ते सांगणारं कुणी नाही.

हत्तींवर मी लिहिणार आहे, तो आग्रह रास्त आहे. पण दूरचं आणि जवळचं इतकं वेगळं नसतं. आपल्या कोल्हापूर संस्थानाच्या शिकारखान्यात शेवटी शेवटी शिकारीचे चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत होते, कारण देशातले मिळेनासे झाले होते. 1952 मध्ये चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर झालं. ओरांगउटानचंही आपल्याकडे एक नाव होतं, बिन्नी. 2003 साली ती पुण्याहून ओडिशाच्या नंदनकाननला गेली आणि 2019 मध्ये वारली. तेव्हा देशात तिच्या जातीचं दुसरं कुणी नव्हतं.

फोटोखाली आता असं लिहिलंय: 'आईच्या तोंडातला घास मागणारं पिल्लू.' बघून सांगा, सर. आणि येत्या रविवारी पन्हाळ्यावर माकडं बघायला जाणार आहे. ती एकमेकांसमोर ओठ चुटचुट हलवतात, त्याला काय म्हणायचं यावर आपलं पुन्हा भांडण होईल, पण तुम्ही सोबत असाल तर मला आवडेल.