मंदीत शिक्षकाचं काम संपत नाही, स्वस्त होतं

२०२५ च्या जुलैत टीसीएसने जवळपास १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून हिंजवडी-खराडीकडचे, आयटीतले ओळखीपाळखीचे लोक मला एकच विचारतात, बी.एड. केलं तर शाळेत लागेल का? मावसभावाने तर फोनवर जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. "ताई, पगार कमी असला तरी चालेल गं, पण तुमचं कसं, एकदा लागलं की डोक्याला ताप नाही."

लागल्यानंतरचं त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पगार पुढेमागे होतो, पण होतो. अडचण लागण्याची आहे, आणि त्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

माझं मत आधीच सांगून टाकते. कंपनीत मंदी आली की काम घटतं, म्हणून माणसं घटतात. शाळेत पोरं तेवढीच राहतात, वर्ग तेवढेच आणि पाढेही तेवढेच. फक्त पद भरलं जात नाही. मग तेच काम कुणाकडून तरी कमी पैशात करून घेतात, आणि तिजोरी सावरली तरी तो कमी दर काही मागे जात नाही.

२००० साली राज्य सरकारकडे पैशाची ओढाताण होती आणि शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला ३ हजार रुपये. त्यानंतर सहावा वेतन आयोग आला, सातवा आला, योजना जिथल्या तिथे. मधली दहाएक वर्षं प्राथमिकचा सेवक ६ हजारांवर होता. घरापासून तीनशे किलोमीटर लांबच्या तालुक्यात खोलीभाडं आणि डबा त्यातच भागवायचा. २०२३ पासून ते प्राथमिकला १६, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं. वर्ग मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण सांभाळायचा, निवडणुकीची ड्युटीही पूर्ण करायची.

आमच्या वेळी बारावीला चांगले मार्क पडले की घरचे म्हणायचे, डी.एड.ला टाका, दोन वर्षांत पोरगी मार्गी लागेल. लागतही होत्या, म्हणून तर तालुक्या-तालुक्यात डी.एड. कॉलेजं निघाली. २०१० मध्ये भरतीची सीईटी झाली. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी, म्हणजे शाळेतल्या पोरांची प्रत्यक्ष मोजणी, झाली आणि कागदावरची पोरं उघडी पडली. पट घटला, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि २ मे २०१२ ला जीआर निघाला की अतिरिक्तांचं दुसऱ्या शाळांत समायोजन होईपर्यंत नवी भरती नाही. खोटा पट लावणारे संस्थाचालक होते, बंदी भोगली नुकतंच डी.एड. होऊन आलेल्या पोरापोरींनी. २०१३ मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सुरू झाली. ती पास होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, पण रांग कुठे जाते ते कोणीच सांगत नव्हतं. भरतीसाठीची परीक्षा, म्हणजे टेट, झाली थेट डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात वर्गमैत्रिणींपैकी कुणी अंगणवाडीत लागली, कुणी ब्युटी पार्लर टाकलं, कुणाच्या सासरच्यांनी सर्टिफिकेटं ट्रंकेत ठेवून दिली.

मी तेव्हा विनाअनुदानित शाळेत होते. सही एका आकड्यावर, हातात दुसराच. शाळा "टप्प्यावर" येणार, म्हणजे सरकारी अनुदान टप्प्याटप्प्याने सुरू होणार, या आशेवर माणसं तिथे केस पांढरे होईपर्यंत टिकतात. शाळांच्या मान्यतेतला "कायम विनाअनुदानित" मधला "कायम" २००९ मध्ये काढला, आणि पहिला २० टक्क्यांचा टप्पा यायला २०१६ उजाडलं. आझाद मैदानावर पावसात बसलेले शिक्षक टीव्हीवर दिसले की लोक म्हणतात, यांना सुट्ट्या कमी आहेत का? ते सुट्टीसाठी बसलेले नसतात हो.

मग करोना. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा जीआर आमच्यातल्या अनेकांना तारखेसकट पाठ आहे. खर्चाला कात्री, आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून कुठेही नवीन पदभरती नाही. २०१७ च्या टेटवरची भरती तेव्हा अर्धवटच होती, ती तशीच लटकली. त्याच वर्षी इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत पालकांनी फी थांबवली आणि संस्थांनी शिक्षकांचे पगार निम्मे केले, कुठे कुठे बंदच. शिकवणं बंद नव्हतं बरं का. मोबाईलही शिक्षकाचा आणि डेटाही शिक्षकाचाच. शाळा भरल्या, फी वसूल झाली, पण कापलेला पगार परत मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पुढची टेट झाली २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. परीक्षा देणारे दोन लाखांवर, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस झाली साधारण ११ हजारांची. त्या मधल्याच काळात, जुलै २०२३ मध्ये, रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना २० हजारांत घ्यायचा निर्णय झाला. निवृत्त गुरुजींवर माझा राग नाही, पण दारात दोन लाख पोरं निकालाचा कागद घेऊन उभी असताना पेन्शनरला बोलवायचं? आणि ५ सप्टेंबर २०२४ ला, ऐन शिक्षक दिनी, कमी पटाच्या शाळेत डी.एड.-बी.एड. झालेला एक शिक्षक १५ हजारांत कंत्राटी नेमायचा जीआर आला. तो पुढे रद्द झाला, पण दिवस निवडणाऱ्याला मानलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मग सरकारीच्या मागे का लागायचं, ऑनलाइन शिकवा. करोनात ऑनलाइन क्लासच्या कंपन्यांनी आमच्या ओळखीतले गणिताचे सर शाळेच्या चौपट पगारावर नेले होते. २०२२ मध्ये बायजूज, अनअकॅडमी, वेदांतू सगळीकडून माणसं काढली गेली. ते सर आता घरीच दहावीच्या शिकवण्या घेतात आणि बरे आहेत. सीनिअर कॉलेजचं तर बोलायलाच नको. सेट-नेट, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास घेतात, आणि सुट्टी लागली की मानधनही सुट्टीवर जातं.

एक तिसरी वाट सगळ्यांना माहीत असते, पण त्यावर पोस्ट कुणी लिहीत नाही. अनुदानित संस्थेतली जागा आणि तिचा "आकडा", म्हणजे जागेसाठी संस्थेला द्यायचे पैसे. जमीन विकून आकडा भरलेले लोक मी पाहिलेत. मंदीत हा आकडा उतरत नाही, वाढतो, कारण गरजू वाढतात. आणि पैसे देऊनही शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगारासाठी लागणारा क्रमांक, मिळेलच असं नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडं पडलं, २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन मार्क वाढवल्याबद्दल साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पवित्र पोर्टलला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीला, मी कितीही शिव्या घातल्या तरी माझ्यासारखीला एक पैसा न देता नोकरी त्यानेच दिली. टेटच्या २०० प्रश्नांत विषयज्ञान शून्य, १२० अभियोग्यता आणि ८० बुद्धिमत्ता, आणि त्यावरून गणिताचा शिक्षक कसा निवडतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. तरीही आकड्यापेक्षा ते शतपटीने बरं.

आता वयाचा हिशेब. मावसभाऊ चौतिशीत. बी.एड. सीईटी देऊन प्रवेश मिळेपर्यंत पस्तीस, दोन वर्षांचा कोर्स संपेपर्यंत सदतीस. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. टेट आतापर्यंत झाली २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या माणसाला जेमतेम एक संधी, तीही जाहिरात वेळेत आली तर. त्यात पहिली ते पाचवीला बी.एड. चालतच नाही, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलंय. त्यामुळे बऱ्याच जागा आधीच हातच्या गेल्या. आणि सगळं जुळून आलंच तर पुढची तीन वर्षं १६ किंवा १८ हजार. त्याचा फ्लॅटचा हप्ता याच्या दुपटीहून जास्त आहे.

हे सगळं ऐकवल्यावर तो म्हणाला, "म्हणजे नकोच म्हणतेस?" मी तसं म्हटलं नाही. त्याची बायको एम.एस्सी. बी.एड. आहे, एकतीस वर्षांची, लग्नानंतर घरी बसलेली. तिला म्हटलं, आधी सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, दे. तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं आणि केंद्रीय विद्यालय, नवोदयचे सहावी ते आठवीचे रस्तेही मोकळे होतात. टेट जाहीर होण्याची वाट न पाहता बुद्धिमत्तेचे पेपर रोज सोडव. तोवर जवळच्या शाळेत शिकव, पण नियुक्तिपत्र घे आणि पगार बँकेतच माग. बँकेत भरून अर्धा रोख परत मागणारी शाळा असेल तर पहिल्याच महिन्यात बाहेर पड. पुढे पवित्रवर जागांचा प्राधान्यक्रम भरताना जिल्हा बघ, नुसती जागा बघू नकोस, कारण बदली मिळता मिळत नाही. आणि तो प्राधान्यक्रम लॉक करायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घे.

तिने पुस्तकं मागवलीत. तो सध्या दुसऱ्या कंपनीत मुलाखती देतोय.

पवित्रच्या स्वप्रमाणपत्राबद्दल किंवा भरतीच्या "मुलाखतीसह-मुलाखतीशिवाय" या दोन प्रकारांबद्दल कुणाला विचारायचं असेल तर खुशाल मेसेज करा. रात्री नऊनंतर करा, दिवसभर आम्हाला ऑनलाइन माहिती भरायची असते.