तुसाची राख म्हणजे सिमेंट नव्हे

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात माझ्या मामांच्या घराचा स्लॅब पुढच्या महिन्यात टाकायचा आहे. सेंट्रिंगवाल्याशी बोलणे झाले आहे, सळई येऊन पडली आहे, आणि अशा वेळी मामांनी फोन करून सांगितले की सिमेंटची निम्मी पोती ते रद्द करत आहेत आणि त्यांच्या जागी जवळच्या राइस मिलमागे साचलेली तुसाची, म्हणजे धानाच्या टरफलांची, राख वापरणार आहेत. कारण विचारल्यावर त्यांनी मला एक संदेश पाठवला. ‘सिमेंट कंपन्यांनी दडपलेले सत्य’ अशा मथळ्याचा तो मजकूर सध्या धानपट्ट्यातल्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तुसाच्या राखेत नव्वद टक्के सिलिका असते, म्हणून ती नैसर्गिक सिमेंटच आहे, निम्मे सिमेंट काढून ती घातली तर घर दुप्पट मजबूत होते, तूस अंगणातच जाळावे, राख पांढरी झाली की माल तयार झाला असे समजावे, धान्यापासून आलेली असल्यामुळे ती निरुपद्रवी आहे, तिने सिमेंटचे प्रदूषण संपेल, पाणी शुद्ध होईल आणि धान उत्पादक शेतकरी लखपती होईल.

बांधकाम साहित्याच्या चाचण्या घेणे हे माझे काम आहे आणि तुसाची राख ही माझ्या दृष्टीने अत्यंत उपयोगी वस्तू आहे. म्हणूनच तिच्या नावावर एखाद्याचा स्लॅब धोक्यात घालणारा सल्ला इतक्या बेफिकिरीने वाटला जात असलेला पाहून मला संताप येतो.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेतो. राखेत सिलिका भरपूर असते हे खरे आहे. नीट जळलेल्या राखेत ती साधारण ८५ ते ९५ टक्के भरते. पण सिलिका म्हणजे सिमेंट नव्हे. नदीच्या रेतीतही मुख्यतः सिलिकाच असते आणि रेतीत पाणी घालून कोणी स्लॅब टाकत नाही. सिमेंटमधली कॅल्शियमची सिलिकेट संयुगे पाण्याशी संयोग पावतात तेव्हा दोन गोष्टी तयार होतात : गिट्टी आणि रेती यांना धरून ठेवणारा चिकट, पुढे दगडासारखा होणारा पदार्थ, आणि त्याच्या जोडीला मोकळा चुना. उत्तम प्रतीची राख या मोकळ्या चुन्याशी हळूहळू संयोग पावून आणखी थोडा बांधणारा पदार्थ तयार करते. तिचे काम एवढेच आणि तेही दुय्यम आहे, कारण चुना सिमेंटमधूनच यावा लागतो. सिमेंट निम्मे केले की चुनाही निम्मा होतो, आणि ज्याच्या भरवशावर राख काम करणार तेच कमी पडते.

शिवाय संदेश लिहिणाऱ्याने सिमेंटच्या पोत्यावरचा मजकूरही वाचलेला दिसत नाही. आज गावोगावच्या दुकानांत जे पोते मिळते ते बहुतेक वेळा पीपीसी, म्हणजे पोझोलाना सिमेंट असते, आणि भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे वीजकेंद्रांतली कोळशाची राख, आधीच मिसळलेली असते. पोते ५० किलोचे आणि त्यातली फ्लाय अॅश ३५ टक्के धरली, तर खरे सिमेंट उरते साडेबत्तीस किलो. त्यातले निम्मे काढून टाकले की सव्वासोळा किलो. ज्या चुन्यावर तुसाच्या राखेची सगळी मदार आहे, त्यावर फ्लाय अॅशने आधीच हक्क सांगितलेला असतो. मामांनी मागवलेली पोतीसुद्धा पीपीसीचीच आहेत.

आता पाण्याचे बघा. तुसाच्या राखेचा कण भिंगाखाली पाहिला तर मधमाशांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र दिसतो. न दळलेली राख पाणी शोषून घेते, मिक्सरमधले काँक्रीट घट्ट होते, ते सेंट्रिंगवर पसरेना की गवंडी आणखी एक बादली पाणी ओततो. यात त्याचा दोष नाही, त्याला माल सळईखाली पोचवायचा असतो. साध्या, ठरावीक प्रमाणात केलेल्या एम २० या प्रतीच्या काँक्रीटला ५० किलो सिमेंटमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी असा मानकाचा दंडक आहे. म्हणजे पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.६ झाले. निम्मे सिमेंट काढून निष्क्रिय राख घातली आणि पाणी जराही वाढवले नाही, तरी हे प्रमाण १.२ वर जाते. अशा काँक्रीटची ताकद ठरलेल्या ताकदीच्या निम्म्याहूनही कमी भरते. त्यात वरची बादली मिळवली तर काय होईल, ते मला इथे लिहायचेही नाही. आणि हे स्लॅब टाकल्याच्या दिवशी कळत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, चार दिवस पाणी मारले जाते, आणि खरी परीक्षा सेंट्रिंग काढताना होते, जेव्हा खाली माणसे उभी असतात.

ज्यांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी आयएस ४५६ हे भारतीय मानक उघडावे. देशातले साधे आणि सळईचे काँक्रीट याच मानकाप्रमाणे केले जाते, आणि त्याच्या २००० सालच्या आवृत्तीतील ५.२.१.३ हे कलम तुसाच्या राखेविषयीच आहे. अपेक्षित कामगिरी आणि एकसारखेपणा देणारी राख, निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या संमतीने वापरता येईल, असे ते कलम म्हणते. त्याखालची टीप तर प्रत्येक मिलच्या फाटकावर लावावी अशी आहे. सिलिका स्फटिकरहित अवस्थेत राहावी यासाठी तूस नियंत्रित तापमानाला जाळावे, प्रत्येक ठिकाणाहून येणाऱ्या राखेची कामगिरी आणि एकसारखेपणा तपासणे आवश्यक आहे, कारण काही राख काँक्रीटमध्ये गाळाइतकी घातक ठरू शकते. आणि वापरण्याआधी तिला लागणारे पाणी व सुकताना होणारे आकुंचन अभ्यासावे, असा तिचा आशय आहे. गाळ हा शब्द माझा नाही, मानकाचा आहे. आपल्या बांधीतला गाळ स्वतःच्या स्लॅबमध्ये कालवायला कोणता शेतकरी तयार होईल?

याच कलमाने ‘दडपलेले सत्य’ हा आरोपही निकालात निघतो. जी गोष्ट राष्ट्रीय मानकात नाव घेऊन लिहिलेली आहे, ती कोणी आणि कशी दडपली? सिमेंट कंपन्या तर वीजकेंद्रांची राख पोत्यात भरून वर्षानुवर्षे विकत आहेत. राखेशी त्यांचे वैर असण्याचे कारण नाही.

अर्धसत्य मान्य करायला हवे, आणि ते मी करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे प्रा. पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकापासून या राखेवर पायाभूत काम केले. नियंत्रित भट्टीत जाळलेली आणि बारीक दळलेली राख सिमेंटच्या १० ते २० टक्क्यांच्या जागी घातली, तर काँक्रीटची ताकद टिकते, अनेकदा वाढते, आणि त्यातली छिद्रे बारीक झाल्यामुळे क्षार आत शिरायला वेळ लागतो. कोकण किनाऱ्यावर, जिथे खाऱ्या हवेने सळई गंजते, तिथे या गुणाला मोल आहे. परंतु नियंत्रित भट्टी, दळण, तपासणी आणि प्रमाण या चारही अटी वगळून उरतो तो संदेशातला दावा, आणि तो खोटा आहे.

अंगणात तूस जाळण्याचा सल्ला या अटींच्या अगदी विरुद्ध जातो. सिलिकेची उपयोगी, स्फटिकरहित अवस्था टिकवायची तर तापमान ढोबळमानाने ७०० अंश सेल्सिअसच्या आत राखावे लागते. त्यापुढे जाऊन उष्णता बराच काळ टिकली की सिलिकेचे स्फटिक बनू लागतात आणि चुन्याशी संयोग पावण्याची तिची क्षमता घटते. तुसाच्या पेटलेल्या ढिगात एकच तापमान कधीच नसते. वरचा थर धुमसत काळा राहतो, त्यात न जळलेला कार्बन असतो. आतला गाभा मात्र तासन् तास तापत राहतो. मिलच्या बॉयलरमधून निघणाऱ्या राखेचेही तेच. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करणाऱ्या गिरणीला वाफ हवी असते; राखेची प्रत सांभाळणे हे तिच्या बॉयलरचे काम नव्हे. राहिला पांढऱ्या रंगाचा निकष. राख पांढरी झाली याचा अर्थ कार्बन जळून गेला, एवढाच. सिलिका सक्रिय राहिली की तिचे स्फटिक झाले, हे डोळ्यांना दिसत नाही. अतितप्त होऊन निकामी झालेली राखही पांढरीशुभ्र असू शकते. त्यासाठी क्ष-किरण चाचणी किंवा आयएस १७२७ मध्ये दिलेली चुन्याबरोबरच्या सक्रियतेची चाचणी करावी लागते.

‘धान्यापासून आलेली म्हणून निरुपद्रवी’ या वाक्याला तर मी सर्वांत बेजबाबदार म्हणेन. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तुसाची राखुंडी दाताला लावली, म्हणून ती फुप्फुसालाही चालते, असा निष्कर्ष काढता येत नाही. अति तापमानात तयार होणाऱ्या स्फटिकांपैकी एक आहे क्रिस्टोबलाइट. क्वार्ट्झ किंवा क्रिस्टोबलाइट या रूपातली, श्वासावाटे आत जाणारी सिलिकेची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आणि तिला पहिल्या गटात, म्हणजे पुराव्याने सिद्ध झालेल्या कारणांत, ठेवले. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार वेगळाच. तो एकदा जडला की बरा होत नाही. ही राख अतिशय हलकी असते. घमेल्यातून मिक्सरमध्ये ओतताना तिचा लोट उठतो आणि तो ओतणाऱ्या बाईच्या नाकातोंडात जातो. तिच्या तोंडावर पदराखेरीज काही नसते, आणि पदराने ही धूळ अडत नाही. संदेशात मास्कचा साधा उल्लेखही नाही.

सिमेंटचे प्रदूषण संपेल, हा दावा बेरीज-वजाबाकीत टिकत नाही. मूळ चिंता रास्त आहे, कारण एक टन क्लिंकर, म्हणजे दळले की ज्याचे सिमेंट होते ते गोळे, भाजताना सुमारे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण धानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तूस आणि तुसाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख, म्हणजे शंभर किलो धानामागे चार किलो राख. देशात वर्षाला सुमारे २० कोटी टन धान होते असे धरले आणि त्यातला प्रत्येक तूस जाळला, तरी राख ८० लाख टनांच्या घरात जाते. देशातले सिमेंटचे उत्पादन वर्षाला ४० कोटी टनांहून अधिक आहे. सगळी राख उत्तम प्रतीची निघाली, वाटेत काहीही वाया गेले नाही, तरी ती दोन टक्क्यांना पुरेल. तेवढेही जरूर करावे; मिलमागे उघड्यावर पडून वाऱ्याने घराघरांत शिरण्यापेक्षा ती कामी लागलेली केव्हाही बरी.

पाणी शुद्ध होते या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रात या राखेवर काम झाले आणि २००९ मध्ये बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या यंत्रात तुसाची राख होती. पण त्यात जंतू मारण्याचे काम राखेवर बसवलेल्या चांदीच्या सूक्ष्म कणांचे होते. विहिरीच्या पाण्यात मूठभर राख टाकून ते पाणी मुलांना पाजू नये. पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूची उष्णता टिकवण्यासाठी ही राख पसरतात आणि टायरसाठी लागणारी सिलिकाही तिच्यापासून काढतात, हेही खरे आहे; हे व्यवहार प्रत तपासून, कारखान्या-कारखान्यांत होतात.

शेवटी शेतकऱ्याला लखपती करण्याचे वचन. आमच्याकडचे धान आधारभूत केंद्रावर जाते, तिथून भरडाईला मिलमध्ये जाते, आणि तूस मिलवाल्याकडे राहते. शेतकऱ्याच्या हाती राख येतच नाही. आली असे समजू. एकरी २० क्विंटल धान म्हणजे ८० किलो राख. आता चारसूत्री भातशेती, म्हणजे चार सूत्रांची भात लागवडीची पद्धत, आठवा. तिच्या पहिल्याच सूत्रात रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मातीत मिसळायला सांगितली आहे, कारण धानाचे पीक सिलिका मोठ्या प्रमाणावर उचलते आणि त्यामुळे रोप कणखर होते. स्लॅबला नको असलेली काळी राख पऱ्ह्यांना, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेल्या रोपांना, उपयोगी पडते. नेहमीच्या पद्धतीत एका एकराच्या रोवणीसाठी साधारण चार गुंठे, म्हणजे ४०० चौरस मीटर पऱ्हे टाकावे लागतात, आणि त्यासाठी किमान २०० किलो राख हवी. एकराच्या धानातून निघणाऱ्या राखेच्या ती अडीचपट होते. मामांना मी हाच हिशेब करून दिला आहे : स्लॅबला मानकाप्रमाणे पूर्ण सिमेंट, आणि मिलमधून जी काळी राख मिळेल ती पोत्यांत भरून पऱ्ह्यांसाठी राखून ठेवणे.