कियांगनची खाचरं चारशे वर्षांचीच आहेत, मग बिघडलं काय?

परवा आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी फिलिपिन्सच्या भातखाचरांचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलेलं "२००० वर्षं जुनं, जगातलं आठवं आश्चर्य". मी एवढंच लिहिलं की बाबांनो ही खाचरं एवढी जुनी नाहीत, साडेतीनशे-चारशे वर्षांची असावीत असं आता तिथं खोदकाम करणारे सांगतात. झालं, दोघातिघांनी मलाच सुनावलं की दुसऱ्याचा वारसा कशाला कमी करतो. मला ते लागलं, कारण मी मनिलात तीन वर्षं नोकरी केली आणि त्या सगळ्या मुक्कामात एकाच गावाने मला घरासारखं वाटायला लावलं, ते म्हणजे इफुगाव प्रांतातलं कियांगन. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाचा.

कियांगन म्हणजे म्युनिसिपालिटी, पण आपल्या नगरपालिकेसारखं काही डोळ्यापुढे आणू नका. तिकडे म्युनिसिपालिटी म्हणजे छोटासा तालुका समजा, त्याच्या खाली बरांगाय, म्हणजे आपली ग्रामपंचायत. कियांगनमध्ये असे १४ बरांगाय आणि सगळी मिळून माणसं सतरा हजारांच्या आसपास. मनिलाहून रात्रीची बस धरायची, सकाळी लागावेला उतरायचं, ते प्रांताचं मुख्य ठिकाण, आणि तिथून जीपनीने, म्हणजे तिकडच्या वडापच्या गाडीने, अर्ध्या तासात पोचतो. टुरिस्ट बहुतेक सगळे त्याच बसने पुढे बनावेला निघून जातात, कारण वीस पेसोच्या नोटेवर चित्र बनावेचं होतं. गंमत म्हणजे बनावेच्या त्या व्ह्यूपॉइंटवरून दिसणारी खाचरं युनेस्कोच्या यादीत नाहीतच! १९९५ ला यादीत जे पाच भाग घेतले त्यातला एक कियांगनमधला नागाकादान, मधून नदी आणि दोन्ही अंगाला पायऱ्या चढत गेलेल्या.

मी गेलो तेव्हा जुलै होता, काढणी चालू होती. आणि मी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला माणूस, भात काय मला नवीन आहे का, पण तिथं बांधावर उभं राहिल्यावर मला बोलायलाच सुचेना. तिनावोन म्हणतात त्यांच्या जुन्या भाताला, तावोन म्हणजे वर्ष, वर्षातून एकदाच पिकणारं ते तिनावोन. विळ्याने सपासप कापत नाहीत, एकेक लोंबी खुडून तिच्या पेंड्या बांधतात, वाळवतात आणि पेंड्यांसकट कोठारात ठेवतात. घर चार खांबांवर, खांबाला वरच्या अंगाला लाकडी चकती, उंदीर चढू नये म्हणून. आणि खाचराच्या वर जंगल राखलेलं, त्याला मुयोंग म्हणतात, ते प्रत्येक कुटुंबाचं स्वतःचं असतं आणि खालच्या खाचराला पाणी तिथूनच येतं, म्हणून ते कोणी वेडंवाकडं तोडत नाही. खाचर थोरल्या लेकराला जातं, मग मुलगा असो की मुलगी.

लावणीला, काढणीला एकमेकांकडे जायचं, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, त्याला ते उब्बू म्हणतात. मी म्हटलं अरे ही तर आपली सावड! आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईने हातावर सुपारी, नागवेलीचं पान आणि चुना ठेवला, मोम्मा म्हणतात त्याला, तेव्हा मला माझी आजीच आठवली, तिच्या चंचीत हेच तीन असायचे. भाषा एक अक्षर कळत नव्हती पण पानाला चुना किती लावायचा ते मला कोणी सांगावं लागलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. २००० वर्षांचा आकडा आला कुठून? ओटली बेयर नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ, गेल्या शतकाच्या सुरुवातीला इफुगावमध्ये राहिलेला, त्याने अंदाज बांधला की एवढे डोंगर हाताने कोरायला दोन-तीन हजार वर्षं लागली असणार. अंदाजच होता, पण तो शाळेच्या पुस्तकात गेला आणि पिढ्यान् पिढ्या पोरांनी तोच पाठ केला. मग २०१२ पासून स्टीफन अकाबादो या पुरातत्त्वज्ञाच्या टीमने कियांगनमध्येच खोदायला घेतलं, जुनं कियांगन ज्याला ते कीय्यांगन म्हणतात तिथं. इफुगाव लोकांच्या कथेत विगान आणि बुगान हे पहिले स्त्री-पुरुष राहिले ती हीच जागा. वस्ती निघाली जुनीच, हजारेक वर्षांची, पण जुन्या थरात भात नाही, अळकुड्यांच्या खुणा. भात येतो तो १६५० च्या आसपास, त्याच्या आधी नाही. स्पॅनिश कागदातसुद्धा या खाचरांचा पहिला उल्लेख १८०१ च्या एका पाद्र्याच्या पत्रात आहे, त्याआधी कोणी काही लिहिलेलं नाही.

मग १६५० ला असं काय झालं? खाली मागात नदीच्या खोऱ्यात स्पॅनिश आले होते, लोकांना वस्तीत गोळा करायचे, बाप्तिस्मा द्यायचे, कर आणि वेठ लावायचे. ज्यांना हे नको होतं ते वर डोंगरात निघून आले. आणि वर आल्यावर नुसते लपून नाही राहिले हो, त्यांनी डोंगर कोरायला घेतला, दगडी ताल म्हणजे खाचराचे बांध रचले, पाट काढले, आणि दोन-तीनशे वर्षांत हे सगळं उभं केलं. भात पिकवणं, सण करणं, एकत्र राबणं यातून एवढी मोठी वस्ती बांधून राहिली की स्पेनला तीनशे वर्षांत हा डोंगर कधी नीट ताब्यात घेता आला नाही.

आता सांगा, यातलं मोठं काय? दोन हजार वर्षं हळूहळू, कोणी कधी केलं माहीत नाही असं काहीतरी, की आठ-दहा पिढ्यांनी घरदार सोडून येऊन जिद्दीने केलेलं? मला तर दुसरंच मोठं वाटतं, शंभर टक्के. हे खोदकाम बाहेरून कोणी येऊन लादलं असंही नाही, कियांगनमधली इफुगाव माणसंच त्यात बरोबरीने होती, सिटमो म्हणजे सेव्ह द इफुगाव टेरेसेस मूव्हमेंट ही तिथलीच संस्था त्यात आहे. सुरुवातीला लोकांना राग आला, साहजिक आहे, लहानपणापासून जे अभिमानाने सांगितलं ते कोणी खोडलं तर राग येणारच. पण आता तीच माणसं सांगतात की आमच्या पूर्वजांनी मान तुकवली नाही त्याचा पुरावा म्हणजे ही खाचरं.

आपल्याकडेही हेच चालतं ना. देऊळ असो, लेणं असो, बारव असो, हजार वर्षांपूर्वीचं म्हटल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि दोनशे वर्षांचं कळलं की लगेच तोंड पाडतो. का? जुनं म्हणजेच थोर हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं?

आणि खरी काळजी करायची तर वयाची करू नका, आजची करा. २००१ ला युनेस्कोने ही खाचरं धोक्यातल्या यादीत टाकली होती, २०१२ ला बाहेर काढली, पण धोका काही संपलेला नाहीये. ऐंशीच्या दशकात खाण्यासाठी आणि धंद्यासाठी म्हणून सोनेरी गोगलगाय आणली, कुहोल म्हणतात, ती खाचरात पसरली आणि कोवळी रोपं खाते, बाया अजून हाताने वेचत बसतात. तिनावोनचं उत्पन्न कमी, वर्षाचं एकच पीक, घराला वर्षभर पुरत नाही, मग पोरं बागियोला, मनिलाला, नाहीतर परदेशात. ताल ढासळला की रचायला हात नाहीत. काढणीला बाया हुडहुड गायच्या, दोनशेच्या वर कथा आहेत, एक पूर्ण गायला दिवसच्या दिवस लागतात, एक म्हातारी पुढे आणि बाकीच्या मागून. मला शेतात ऐकायला नाही मिळालं. आता ते गावात पोरांना मुद्दाम शिकवतात. आपल्या ओव्यांचं काय झालं ते आठवलं आणि गप्प बसलो.

अजून एक, कियांगनचं नाव दुसऱ्या महायुद्धातही आहे. जपानी सेनापती यामाशिता २ सप्टेंबर १९४५ ला इथल्याच शाळेत शरण आला, दुसऱ्या दिवशी बागियोला सह्या झाल्या. त्या शरणागतीचं स्मारक गावात आहे, मोठं आहे, चांगलं आहे. पण त्याच्यापेक्षा मी नागाकादानच्या बांधावर जास्त वेळ बसलो.

ग्रुपवरच्या भांडणानंतर मी काकाला फोन केला. आमच्या पट्ट्यात पडकई असते, उतारावरची जमीन गावाने मिळून फोडायची, दगडाचा ताल घालायचा आणि खाचर पाडायचं, ज्याचं खाचर त्याने जेवण घालायचं. मी विचारलं ओढ्याच्या वरचं आपलं खाचर कधीचं. मला लहानपणापासून वाटायचं ते कायमचंच आहे. काका म्हणाला नाही रे, बहात्तरच्या दुष्काळानंतर पाडलं, तुझ्या आज्याने. कोण कोण होतं पडकईला विचारलं तर त्याने न थांबता अकरा नावं सांगितली, त्यातली दोघं अजून आहेत. मी सगळी लिहून घेतलीत, दिवाळीला गेलो की त्या दोघांना खाचरावर घेऊन जाणार आहे.